सुताचा पक्का रंग

विश्वनाथ कविराजानें चौदाव्या शतकांत 'साहित्यदर्पण' हा ग्रंथ लिहिला. त्यांत पूर्वरागाचे, म्हणजे मीलनापूर्वींच्या अनुरागाचे, त्यानें तीन प्रकार सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. निळीसारखा अनुराग बाहेर फारसा झळकत नाहीं, पण मनांतून जातहि नाहीं. कुसुंब्यासारखा झळकतो, पण निघून जातो. मंजिष्ठेसारखा झळकतोहि आणि टिकतोहि. साहित्यशास्त्राचे विद्यार्थी हा भाग पाठ करून पुढें जातात. परंतु तेथें क्षणभर थांबल्यास अलंकाराहून निराळी अशी एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या समाजांत ही उपमा रूढ झाली, त्याला कोणता रंग धुण्यांत टिकतो व कोणता टिकत नाहीं याचें अचूक ज्ञान होतें. आजचें रसायनशास्त्र याहून वेगळें सांगत नाहीं. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून ती एकदां तंतूंत शिरली कीं धुण्यानें निघत नाहीं. कुसुंब्यांतील तांबडें द्रव्य उन्हानें व खारानें नासतें. आणि मंजिष्ठेचें द्रव्य तुरटीशीं संयोग पावलें कीं तें ऊन व साबण या दोहोंसहि सहसा दाद देत नाहीं.

मात्र ही मंजिष्ठा कापडावर बसवावी कशी, हें विश्वनाथानें सांगितलेलें नाहीं. तें त्याचें कामहि नव्हतें. पण तें काम आपलें आहे असें ज्याला वाटलें असा दुसरा ग्रंथकार आपल्या वाङ्मयांत शोधूं लागलें म्हणजे फार पानें उलटावीं लागतात. सुतावर पक्का रंग बसविण्याच्या विद्येंत हिंदुस्थान शतकानुशतकें जगाचा गुरु होता. असें असतां या विद्येच्या ज्या तपशीलवार नोंदींवर आजचे अभ्यासक मुख्यतः विसंबतात, त्या फ्रेंच भाषेंत आहेत. असें कां व्हावें, आणि त्यांत आपण काय गमावलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम सुताचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. लोंकर व रेशीम हीं प्राणिज सूतें होत. त्यांचे तंतु प्रथिनांचे असल्यामुळें वनस्पतींचे पुष्कळ रंग त्यांवर सहज चढतात. कापूस, ताग, अंबाडी, भांगेचा वाख हीं वनस्पतिज सूतें. त्यांचा मुख्य घटक सेल्युलोज. रंगाच्या बाबतींत सेल्युलोज हा मोठा विरागी पदार्थ आहे. मंजिष्ठेच्या कढत काढ्यांत नुसतें पांढरें कापड बुडविलें, तर मळकट गुलाबी छटेपलीकडे कांहीं हातीं लागत नाहीं आणि तीहि धुतां धुतां निघून जाते. वाखाचें सूत तर कापसाहूनहि हट्टी. त्यांत डिंकासारखीं व लाकडासारखीं द्रव्यें असतात. राखेच्या खारांत उकळून तीं काढल्यावांचून पुढची गोष्टच नको. हळद, नीळ असे कांहीं अपवाद सोडले, तर या सुतांत आणि रंगांत सख्य जुळविण्यास एक मध्यस्थ लागतो. तुरटी हा असा मध्यस्थ आहे; लोहाचा क्षार हा दुसरा. तो एका हातानें तंतूस धरतो व दुसऱ्या हातानें रंगास धरतो. युरोपीय भाषांत त्यास 'मॉर्डंट' म्हणतात. हा शब्द 'चावणें' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे, कारण हें द्रव्य तंतूस चावून धरतें अशी तिकडील जुन्या रंगाऱ्यांची समजूत होती. आपण त्यास रंगबंधक म्हणूं.

रंगबंधकाची खरी मौज पुढेंच आहे. मुळ्यांचा काढा एकच. पण कापडावर तुरटी लावलेली असेल तेथें तो तांबडा उमटतो, लोहाचा क्षार असेल तेथें काळा किंवा जांभळा, आणि दोन्ही असतील तेथें तपकिरी. कांहींच लावलें नसेल तेथें पांढरें कापड शेवटीं पांढरेंच राहतें. म्हणजे चितारी जवळजवळ वर्णहीन पाण्यानें चित्र काढतो आणि कढईंतून तें रंगीत होऊन बाहेर येतें. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत मरण पावला. त्यानें ईजिप्तमधील ही रीति पाहून किंवा ऐकून मोठ्या विस्मयानें नमूद केली आहे : कढईंत रंग एक, आणि कापड मात्र अनेक रंगांचें निघतें !

आपल्या देशांत या विद्येचा पुरावा याहून फार जुना आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननांत चांदीच्या एका भांड्यास चिकटलेले सुती कापडाचे अवशेष सांपडले. धातूच्या क्षारांमुळेंच ते कुजण्यापासून वांचले. अशा अवशेषांतील तंतूंची तपासणी मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेंत झाली. ही प्रयोगशाळा मध्यवर्ती कापूस समितीनें १९२४ सालीं स्थापिली होती, आणि तेथील टर्नर व गुलाटी यांचें टिपण १९२८ सालीं प्रसिद्ध झालें. तो खरा कापूसच होता, असा निर्णय त्यांनीं दिला. अवशेषांतील एका कापडाचा जांभळट रंग मंजिष्ठेच्या वर्गांतील असल्याचेंहि परीक्षेंत आढळलें. मंजिष्ठेच्या वर्गांतील रंग सुतावर टिकला, यावरून सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं सिंधुतीरींच्या लोकांस रंगबंधकाची युक्ति अवगत होती असें अनुमान निघतें.

आतां ग्रंथांकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धोब्यांनीं व रंगाऱ्यांनीं कपडे किती दिवसांत परत करावे याचे नियम आहेत. फिक्या रंगास पांच रात्री. निळीच्या, तसेंच फुलें, लाख व मंजिष्ठा यांच्या रंगास सहा. आणि विशेष कौशल्याच्या उंची वस्त्रास सात. यावरून मंजिष्ठेचें काम वेळखाऊ होतें एवढें कळतें. परंतु कौटिल्य रंगाऱ्याच्या दारांत उभा आहे. तो आंत शिरत नाहीं. माल केव्हां मिळेल आणि उशीर झाल्यास मजुरी किती कापावी, हा त्याचा प्रश्न. राज्यकर्त्याचा प्रश्न म्हणून तो रास्तच आहे.

आंत शिरलेला एक ग्रंथ मात्र आहे, आणि तो म्हणजे बौद्धांचा विनयपिटक. त्याच्या महावग्गांत चीवरांविषयीं एक स्वतंत्र खंड आहे. भिक्षूंस सहा प्रकारचीं वस्त्रें चालत : अळशीच्या वाखाचें क्षौम, कापसाचें, रेशमाचें, लोंकरीचें, सणाचें आणि भंगाचें. रंगहि सहा प्रकारचे : मुळांचे, खोडाचे, सालीचे, पानांचे, फुलांचे व फळांचे. प्रारंभीं भिक्षु शेणानें व पिवळ्या मातीनें चीवर रंगवीत, आणि तें विद्रूप दिसे. पुढें हे सहा रंग आले. पण थंड पाण्यांतील रंगास दुर्गंधि येई, म्हणून तो उकळण्याची अनुज्ञा मिळाली. काढा शिजला कीं नाहीं हें कसें ओळखावें ? पाण्यांत किंवा नखावर एक थेंब टाकून पाहावा. रंगविलेलें चीवर दोरीवर वाळत घातलें कीं रंग एका बाजूस ओघळतो. म्हणून तें पुनःपुन्हां उलटावें, आणि थेंब गळावयाचे थांबेपर्यंत तेथून हलूं नये. हा शेवटचा नियम ज्यानें सांगितला त्याचे हात खचित रंगानें माखलेले असले पाहिजेत. धर्मग्रंथांत हा तपशील कां आला, याचें उत्तर सरळ आहे. भिक्षूस आपलें वस्त्र आपणच रंगवावें लागे. ज्याला काम करावयाचें होतें त्यालाच लिहितांहि येत होतें. आणि हा योग आपल्या इतिहासांत फार दुर्मिळ आहे.

आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें, तर तांबड्या रंगाचें मोठें साधन आल हें होतें. खानदेश, वऱ्हाड, माळवा व बुंदेलखंड या प्रांतांत आलीची लागवड होत असे. पीक तीनएक वर्षें जमिनींत ठेवून मग मुळ्या खणून काढीत. त्यांतील बारीक मुळ्या सर्वांत उत्तम, आणि फार जाड झालेल्या रंगास निरुपयोगी. आलीनें रंगविलेलें जाडेंभरडें वस्त्र तें आलवण. केशवपन केलेल्या विधवेच्या वांट्यास येणारें हें वस्त्र मागील पिढ्यांतील कुटुंबांनीं घरोघर पाहिलें होतें. त्याच्या नांवांतच एका मुळीचें नांव दडलेलें आहे, हें मात्र तें नेसणाऱ्या स्त्रीस किंवा तिच्यावर तें लादणाऱ्या शास्त्र्यास क्वचितच आठवत असेल. तांबड्याचें काम करणारे रंगारी वेगळे व निळीचें काम करणारे निराळी वेगळे, अशी आपल्याकडे जातींचीहि वांटणी होती. तिला धंद्यांतील कारणहि होतें. निळीचें पिंप आंबवावें लागतें. त्यांतून कापड पिवळट हिरवें निघतें आणि वारा लागतांच डोळ्यांदेखत निळें होतें. तांबड्याच्या कढईचें शास्त्र अगदीं निराळें. दोन्ही शास्त्रें बापाकडून मुलाकडे जात, हातांतून हातांत जात; कागदावर तीं सहसा उतरत नसत.

हीच विद्या पूर्व किनाऱ्यावर, कोरोमंडलांत, कळसास पोंचली होती. मच्छलीपट्टणपासून पुदुच्चेरीपर्यंतचे चितारी सुती कापडावर कलमानें फुलें, वेली, पक्षी काढीत. तेथें तांबड्यासाठीं चाय नांवाच्या लहानशा झुडपाचें मूळ वापरीत. सतराव्या शतकांत ही छीट युरोपांत गेली आणि तिनें तेथील स्त्रीपुरुषांस वेड लावलें. धुतली तरी रंग जात नाहीं असें कापड युरोपास नवें होतें. तेथील विणकऱ्यांनीं इतकी ओरड केली कीं फ्रान्सनें १६८६ सालीं छापील सुती कापडावर बंदी घातली व ती १७५९ पर्यंत चालविली. इंग्लंडनें १७०० व १७२० सालीं तसेच कायदे केले. ते १७७४ पर्यंत टिकले. परंतु बंदी घालणें निराळें आणि विद्या हस्तगत करणें निराळें. दोन्ही कामें एकाच वेळीं चाललीं होतीं.

इ. स. १७३४ च्या सुमारास बोल्यो नांवाचा एक फ्रेंच नौकाधिकारी पुदुच्चेरीस होता. पॅरिसचा शास्त्रज्ञ द्युफे याच्यासाठीं त्यानें एक विलक्षण साधी युक्ति योजिली. एक कापड चिताऱ्याकडून आपल्यासमोर रंगवून घेतलें, प्रत्येक क्रियेनंतर त्याचा एक तुकडा कापून घेतला, आणि कृतीचें वर्णन लिहून त्यास तो जोडला. असे अकरा तुकडे झाले. तें हस्तलिखित पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत अद्यापि आहे. पुढें १७४२ च्या १८ जानेवारीस केर्दू नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें याच विषयावर एक विस्तृत पत्र स्वदेशीं पाठविलें. ख्रिस्ती झालेल्या चिताऱ्यांकडून त्याला ही माहिती मिळाली होती. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस हें नांव परिचित असेल. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचें साम्य सर विल्यम जोन्सच्या १७८६ च्या व्याख्यानापूर्वीं, १७६७ सालीं, पॅरिसच्या पंडितांस कळविणारा तो हाच केर्दू. ज्या कानांनीं त्यानें धातु व प्रत्यय ऐकले, त्याच कानांनीं त्यानें रंगाऱ्याचेंहि बोलणें ऐकलें.

त्याच्या वर्णनाचा सारांश असा. धुऊन स्वच्छ केलेलें कापड हिरड्याची पूड घातलेल्या म्हशीच्या दुधांत भिजवावें, पिळावें व उन्हांत वाळवावें. मग लांकडावर कुटून तें गुळगुळीत करावें. कागदावर काढलेल्या चित्रास टोंचून भोकें पाडावीं आणि त्यांतून कोळशाची पूड झाडून चित्र कापडावर उतरवावें. आंबलेल्या पेजेंत लोखंडाचे तुकडे घालून मुरविलेलें पाणी काळ्या रेघांसाठीं. तें हिरडा लागलेल्या कापडास स्पर्श करतांच काळें होतें. तांबड्यासाठीं तुरटीचें पाणी. पण तें कोठें लागलें हें डोळ्यांस दिसावें म्हणून त्यांत पतंगाच्या लांकडाचा थोडा रंग मिसळावा. मग कापड चायच्या मुळांच्या काढ्यांत उकळावें. पांढऱ्या राहावयाच्या जागींहि किंचित् गुलाबी झांक येते. ती शेळ्यांच्या लेंड्यांच्या पाण्यांत भिजवून व उन्हांत पसरून घालवावी. नंतर निळ्याखेरीज सर्व भाग मेणानें झांकून कापड निळीवाल्याकडे धाडावें. तें परत आलें कीं उकळून मेण काढावें, आणि शेवटीं पिवळा रंग कलमानें भरावा. निळ्यावर पिवळा पडला म्हणजे हिरवा होतो.

या यादींतील एकहि वस्तु निरर्थक नाहीं. हिरड्यांतील टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य सेल्युलोजास चिकटतें आणि तुरटींतील ॲल्युमिनियम त्या टॅनिनास चिकटतें. अलिप्त सुताला रंगाकडे वळविणारी ही पहिली पायरी. दुधांतील स्निग्धांशामुळें कलमाची रेघ फुटत नाहीं. लेंड्यांच्या पाण्यानें न चिकटलेलें रंगद्रव्य सुटून येतें. युरोपांतील छपाईच्या कारखान्यांतहि जवळजवळ याच कामासाठीं गाईच्या शेणाचीं पिंपें एकोणिसाव्या शतकांत बराच काळ चालू होतीं. पाण्याविषयींहि असेंच. अल्सेसमधील हाउसमान या कारखानदारास रूआं येथें साधणारा मंजिष्ठेचा तांबडा रंग आपल्या नव्या गांवीं साधेना. तेथील पाण्यांत चुना नाहीं असें आढळल्यावर त्यानें कढईंत खडू घातला आणि रंग उजळला. कोरोमंडलच्या रंगाऱ्यास चुन्याचें रसायन ठाऊक नव्हतें; पण कोणत्या विहिरीचें पाणी तांबड्यास चालतें हें त्याला ठाऊक होतें. एकाला कारण माहीत होतें, दुसऱ्याला विहीर. ज्ञान दोघांपाशीं होतें. परंतु कारण पुस्तकांतून दुसऱ्या देशांत जातें, विहीर जात नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. रंगारी स्वतःच आपली विद्या लपवून ठेवीत. मग न लिहिल्याचा दोष विद्वानांस कां द्यावा? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. ज्याचें पोट कौशल्यावर चालतें तो तें चव्हाट्यावर मांडणार नाहीं. परंतु युरोपांतील रंगाऱ्यांचे संघहि आपली गुपितें असेंच जपत. फरक पडला तो दुसऱ्या बाजूनें. फ्रान्समध्यें रंगशाळांवर देखरेख करण्याचें काम सरकारनें नामांकित शास्त्रज्ञांवर सोंपविलें. द्युफे, एलो, माके व बर्तोले यांनीं एकामागून एक तें केलें. विज्ञान-परिषदेचा सभासद कढईपाशीं उभा राहून रंगाऱ्यास प्रश्न विचारूं लागला आणि उत्तरें छापूं लागला. इंग्लंडांत बँक्रॉफ्टनें १७९४ सालीं पक्क्या रंगांच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला; मद्रास इलाख्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यानें १७९५ सालीं चायच्या झुडपाचें चित्र व माहिती प्रसिद्ध केली. त्याच काळीं पुण्यास पेशव्यांच्या रमण्यांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात होती. न्याय, व्याकरण व वेदांत यांस तेथें मान होता, आणि तो असावाच. परंतु निळीच्या पिंपांत कापड हिरवें कां निघतें, हा प्रश्न विचारणें पंडिताच्या प्रतिष्ठेचें नव्हतें. रंगाऱ्यानें दार लावून घेतलें होतें हें खरें. पण तें ठोठावण्यासहि कोणी गेलें नाहीं.

याचा परिणाम पुढच्या शतकांत दिसला. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं डांबरांतील अँथ्रासीनपासून अलिझारिन तयार केलें. मंजिष्ठावर्गांतील युरोपीय मुळांचें व चायचेंहि मुख्य रंगद्रव्य तें हेंच. पुढच्याच वर्षीं लंडनांत त्याच्या कृतीच्या पेटंटासाठीं दोन अर्ज झाले : २५ जून १८६९ रोजीं जर्मनांचा, आणि २६ जूनला इंग्रज रसायनज्ञ पर्किन याचा. एका दिवसाचें अंतर ! १८९७ सालीं कृत्रिम नीळहि जर्मन कारखान्यांतून बाजारांत आली. थोडक्याच वर्षांत आलीच्या शेतांचें व निळीच्या हौदांचें महत्त्व सरलें. रंगाऱ्याच्या घरांतून ज्या हातांत ती विद्या होती ते हात म्हातारे झाले, आणि मुलगा पेठेंतून रंगाची पुडी आणूं लागला. मुंबई इलाख्यांतील रंगकामावर फॉसेट या सनदी अधिकाऱ्यानें १८९६ सालीं एक प्रबंध लिहिला. आपल्याकडील पुष्कळ कृतींची माहिती आज आपणांस अशाच सरकारी प्रबंधांतून व गॅझेटियरांतून घ्यावी लागते. ज्या धंद्यास उतरती कळा लागली होती त्याची ती नोंद, आणि तीहि परक्या भाषेंत.

बोल्योच्या हस्तलिखिताची कथा याहून बोलकी आहे. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयाच्या नियतकालिकांत त्याचा इंग्रजी अनुवाद १९५६-५७ सालीं प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरीच्या चिताऱ्याची कृति दोनशेंवर वर्षांनीं पॅरिसहून इंग्रजींत स्वदेशीं परत आली. ज्याच्या हातून अकरा तुकडे रंगले त्या चिताऱ्याचें नांव मात्र आपणांस लाभलें नाहीं.

ही विद्या सर्वस्वीं मेली नाहीं हें सुदैव. मच्छलीपट्टणजवळ पेडणा येथें, श्रीकालहस्तीस आणि कच्छांत ती आज चालू आहे. कर्करोगकारक द्रव्यें सोडणाऱ्या कांहीं कृत्रिम रंगांवर जर्मनीनें १९९४ सालीं व भारतानें १९९७ सालीं निर्बंध घातल्यापासून तिच्याकडे पुन्हां लक्ष वळलें आहे. तेथेंहि पुष्कळ ठिकाणीं तांबडा रंग आतां मुळ्यांऐवजीं कृत्रिम अलिझारिनाचा असतो. पण हिरडा सुटलेला नाहीं, तुरटी सुटलेली नाहीं, धुणें व वाळविणें सुटलेलें नाहीं. मुळीची जागा कारखान्याच्या भुकटीनें घेतली, तरी सुताला तयार करण्याची रीति जुनीच राहिली; कारण खरी विद्या रंगांत नसून सुताच्या या तयारींत होती. २००१ च्या भूकंपानंतर कच्छांतील धमडका गांवच्या पाण्यांत लोहाचें प्रमाण वाढलें आणि अजरखाचे रंग बिघडूं लागले. तेथील कांहीं खत्री कारागिरांनीं तें ओळखून दुसरीकडे पाणी शोधलें व अजरखपूर हें नवें गांव वसविलें. विहीर जाणणारा माणूस अजून आहे, असा याचा अर्थ.

आतां त्याच्या शेजारीं वही घेऊन बसणारा माणूस पाहिजे. आपल्या विद्यापीठांत रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत, इतिहासाचे आहेत, मराठीचेहि आहेत. आणि विद्येला सोंवळें-ओंवळें उरलें नाहीं असें आपण सर्वच म्हणतों. तें खरें असेल तर एखाद्या वृद्ध रंगाऱ्याच्या कढईपाशीं चार महिने काढून, तो काय करतो आणि तें तसें कां होतें हें त्याच्या नांवानिशीं मराठींत लिहिणें, हें काम कोणत्याहि प्रबंधाहून हलक्या प्रतीचें ठरूं नये. चीवराचे थेंब गळावयाचे थांबेपर्यंत तेथून हलूं नये, हा भिक्षूंचा नियम अशा लेखकालाहि लागू आहे.